घरचा सर्व्हर रिकामा असताना ७८ वॅट का खातो? प्रकल्प नोंदी

७ जून २०२५, शनिवार

मिरजेत घरी एक सर्व्हर चोवीस तास चालू असतो. त्यावर घरच्यांचे फोटो, सिनेमे, फोनचे बॅकअप आणि जाहिराती अडवणारा डीएनएस असतं. दिवसातले बावीस तास त्याला काहीच काम नसतं. मे महिन्याचं बिल ३०१ ते ५०० च्या स्लॅबमध्ये गेलं. पंखे, कूलर आणि फ्रिज यांचा हिशेब लागला, तरी काही युनिटं कुठे गेली ते कळेना. म्हणून हा तपास सुरू केला. ज्यांना हेच करायचं आहे त्यांच्यासाठी टिपून ठेवते आहे.

यंत्र असं आहे: इंटेल आय३-१२१००, बी६६० चिपसेटचा मदरबोर्ड, ३२ जीबी डीडीआर४, ५०० जीबीची एनव्हीएमई (न फिरणारी, चिपवरची वेगवान डिस्क), ४ टीबीच्या पाच हार्ड डिस्क, सर्व्हरमधून निघालेलं एक जुनं एसएएस एचबीए कार्ड (जादा डिस्क जोडायचं कार्ड), जुन्या गेमिंग पीसीतलं एक ग्राफिक्स कार्ड, ६५० वॅटचं ब्राँझ श्रेणीचं एसएमपीएस (यंत्राला वीज पुरवणारा डबा) आणि तीन पंखे. ऑपरेटिंग सिस्टीम डेबियन १२. डिस्कांवर मर्जरएफएस (सगळ्या डिस्क एकच फोल्डर म्हणून दाखवणारं) आणि स्नॅपरेड (एखादी डिस्क मेली तर पॅरिटीच्या डिस्कवरून डेटा परत मिळवून देणारं). तीन डिस्क डेटाच्या, एक पॅरिटीची आणि पाचवी बॅकअपची.

पुण्याच्या तपकीर गल्लीतून ९०० रुपयांचा प्लगमध्ये लावायचा वॅट मीटर आणला होता. तो भिंतीच्या सॉकेटला लावला. सगळी कामं थांबवून दहा मिनिटांनी वाचन घेतलं: ७८ वॅट.

म्हणजे महिन्याला ५६ युनिटं. हिशेब सोपा आहे. एक वॅट वर्षभर चालू राहिला तर ८.७६ युनिटं होतात. वहन आकार आणि विद्युत शुल्क धरून आमच्या बिलात युनिटला साधारण १३ रुपये पडतात, म्हणजे एक वॅट वर्षाला ११०-११५ रुपये खातो. पुढचा प्रत्येक खर्च याच मापाने मोजणार.

८ जून, रविवार

स्वस्त मीटरवर भरवसा किती ठेवायचा हा प्रश्न होताच. घरच्या वीजमीटरवरून तो पडताळता येतो. आमच्या मीटरवर ३२०० इम्पल्स प्रति युनिट असं छापलं आहे, म्हणजे लाल दिवा एकदा लुकलुकला की ११२५ ज्यूल ऊर्जा गेली. ११२५ ला दोन लुकलुकींमधल्या सेकंदांनी भागलं की वॅट मिळतात. घरातलं सगळं बंद केलं आणि फक्त सर्व्हर ठेवला. दहा लुकलुकींना १४३ सेकंद लागले, म्हणजे ७८.७ वॅट. वॅट मीटर बरोबर आहे. ज्यांना मीटर विकत घ्यायचा नाही त्यांना एवढी युक्ती पुरेल, फक्त फ्रिज बंद करायला विसरू नका. क्लॅम्प मीटरने मात्र मोजू नका. तो करंट दाखवतो, त्याला व्होल्टेजने गुणलं की व्हीए येतात. कमी लोडवर एसएमपीएसचा पॉवर फॅक्टर (खरे वॅट आणि व्हीए यांचं गुणोत्तर) घसरलेला असतो, त्यामुळे तो आकडा खऱ्या वॅटपेक्षा फुगलेला येतो.

मग मीटर यूपीएसच्या पुढे, सर्व्हरच्या बाजूला लावला: ६९ वॅट. उरलेले ९ वॅट यूपीएस स्वतः खातो. मिरजेत यूपीएसशिवाय सर्व्हर ठेवायचा म्हणजे पावसाळ्यात रोज डिस्क तपासत बसायचं. तो राहणार. यापुढचे सगळे आकडे यूपीएसनंतरचे आहेत.

१४ जून

आधी सगळे सांगतात ते करून पाहिलं. सीपीयूचा गव्हर्नर (वेग किती ठेवायचा ते ठरवणारी सेटिंग) ‘पॉवरसेव्ह’ केला. ६९ होते ते ६९ च राहिले. टर्बो बंद केला, तरी ६९. बायोसमध्ये सीपीयूची कमाल वॅट मर्यादा खाली आणली, तरी ६९, आणि फोटोंची थंबनेलं मात्र रांगत बनायला लागली. सगळं परत पहिल्यासारखं केलं.

हे चालणार नव्हतंच. टर्बोस्टॅट (सीपीयूची वीज आणि झोप मोजणारं साधन) लावून पाहिलं तर सीपीयू पॅकेज स्वतः पाचेक वॅट घेतोय असं दिसतं. ६९ मधले पाच. इंटेलने या सीपीयूसाठी दिलेला ६० वॅट हा आकडा कामाच्या वेळचा आहे, रिकाम्या वेळेशी त्याचा संबंध नाही. सीपीयूवर कितीही मेहनत घेतली तरी हाती काय लागणार?

कामाचा आकडा पॉवरटॉप या वीजखर्च तपासायच्या साधनाच्या दुसऱ्या टॅबमध्ये मिळाला. तिथे दोन प्रकारच्या सी-स्टेट (झोपेच्या पायऱ्या, आकडा मोठा तेवढी झोप खोल) दिसतात, कोअरच्या आणि पॅकेजच्या. कोअर ९८ टक्के वेळ खोल झोपेत होते. पॅकेज मात्र सी२ च्या खाली एकदाही उतरलं नव्हतं. सी३, सी६, सी८, सी१० सगळीकडे शून्य.

पॅकेज म्हणजे कोअरच्या भोवतीचं सगळं: मेमरी कंट्रोलर, पीसीआय-एक्सप्रेसच्या लेन, चिपसेटकडे जाणारा रस्ता. घरात एक जण अभ्यासाला जागा असेल तर हॉलचा दिवा चालूच राहतो, तसं यात आहे. एका जरी उपकरणाने आपली लिंक झोपवायला नकार दिला तर अख्खं पॅकेज जागं राहतं. त्यामुळे प्रश्न बदलला. कोण किती खातंय यापेक्षा कोण झोपू देत नाही ते शोधायचं.

पॉवरटॉपचं ‘ऑटो-ट्यून’ही (वीज वाचवणाऱ्या सगळ्या सेटिंग एकदम चालू करणारं) चालवलं. ६९ चे ६७ झाले. रीबूट केलं की ते सगळं पुसलं जातं, म्हणून बूटच्या वेळी आपोआप चालणारी सर्व्हिस करून ठेवली. (या सर्व्हिसने पुढे ११ जुलैला काय केलं ते त्या तारखेला वाचा. तोवर ती कॉपी करू नका.)

१५ जून

ग्राफिक्स कार्ड काढलं. ते व्हिडिओ रूपांतरासाठी बसवलं होतं, पण १२१०० मध्ये यूएचडी ७३० हे आतलं ग्राफिक्स आहेच आणि क्विकसिंकला (इंटेलची व्हिडिओ रूपांतराची सोय) तेवढं पुरतं. जेलीफिनमध्ये (सिनेमे दाखवणारा प्रोग्रॅम) हार्डवेअर प्रवेग व्हीए-एपीआयवर (लिनक्समध्ये ते ग्राफिक्स वापरायचा मार्ग) वळवला. सर्व्हिस बंद ठेवून मोजलं तर ६९ चे ५८ झाले. नुसत्या पेचकसाने ११ वॅट.

पण त्यानंतर सर्व्हर नेटवर्कवर दिसेना. पिंगला उत्तर नाही, राउटरच्या यादीत नाव नाही. मॉनिटर आणि कीबोर्ड हॉलमधून माळ्याखालच्या कपाटापर्यंत नेऊन जोडले, तेव्हा कळलं की यंत्र आरामात चालू आहे. लॅनचं नाव बदललं होतं. लिनक्स नेटवर्क कार्डाला पीसीआय बसच्या क्रमांकावरून नाव देतो. वरच्या स्लॉटमधलं कार्ड गेल्याने पुढचे क्रमांक एकाने सरकले आणि ईएनपी५एस० चं ईएनपी४एस० झालं. सेटिंगच्या फाईलमध्ये जुनंच नाव होतं. पुढे एचबीए काढल्यावर हे पुन्हा होणार, म्हणून सिस्टमडीची लिंक फाईल करून मॅक पत्त्यावरून (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा क्रमांक) ‘लॅन०’ हे कायमचं नाव दिलं. कार्ड काढायच्या आधी हे करा. माझी अख्खी दुपार यात गेली.

पॅकेज अजून सी२ वरच.

२१ जून

आज सगळं काढून उघडं-वाघडं मोजायचं ठरवलं. पाचही डिस्क सोडवल्या: ३१ वॅट. मग एचबीए काढलं: २१ वॅट.

रिकाम्या कार्डाचे दहा वॅट! त्याच्या हीटसिंकला हात लावला तर चटका बसतो ते उगाच नाही. एसएएस२००८ चिपची ही कार्डं डेटासेंटरसाठी बनली. तिथे जोराचा वारा असतो आणि दहा वॅटची कुणी फिकीर करत नाही. वीज वाचवायला पीसीआय-एक्सप्रेस लिंक झोपवण्याची जी सोय असते, म्हणजे एएसपीएम, तिचा खोल झोपेचा स्तर (एल१) यात चालत नाही.

आणि हे कार्ड लावलं होतं कशासाठी? मदरबोर्डवर साटाचे चार पोर्ट आहेत आणि डिस्क पाच. एका डिस्कसाठी. ती पाचवी डिस्क बॅकअपची, आठवड्यातून एकदा लागणारी. तिच्यासाठी ११०० रुपयांचा यूएसबी डॉक मागवला. शनिवारी लावायची, बॅकअप घ्यायचा आणि काढून कपाटात ठेवायची. असाही बॅकअप त्याच कॅबिनेटमध्ये ठेवण्यात काही अर्थ नव्हता.

एक फसलेला प्रयोगही नोंदवते. एचबीए काढायच्या आधी कर्नलला एएसपीएम ‘फोर्स’ करायचा पर्याय देऊन पाहिला होता. वॅटमध्ये काहीच फरक पडला नाही, पण कर्नलचा लॉग एईआरच्या (पीसीआय-एक्सप्रेसच्या चुका नोंदवणारी सोय) ‘करेक्टेबल’ चुकांनी दर सेकंदाला भरायला लागला. ज्या उपकरणाला नीट झोपताच येत नाही त्याला जबरदस्तीने झोपवून काही मिळत नाही. पर्याय काढून टाकला.

२२ जून

आता बोर्डवर फक्त सीपीयू, रॅम आणि एनव्हीएमई आहे. २१ वॅट, पॅकेज सी२.

बायोसची पाळी. घरच्यासाठी बनवलेल्या बोर्डांत हे पर्याय बहुतेक वेळा बंदच येतात, आणि एका जागी नसतात. मला जे सापडले ते असे: ‘पॅकेज सी-स्टेट लिमिट’ ऑटोवर होतं, ते सी१० केलं. ‘नेटिव्ह एएसपीएम’ चालू केलं, म्हणजे ताबा ऑपरेटिंग सिस्टीमकडे जातो. पीसीआय-एक्सप्रेस आणि डीएमआय (सीपीयू ते चिपसेट) लिंकचं एएसपीएम एल१ केलं. एल१चे उपस्तर चालू केले. सी१ई (कोअरची हलकी झोप) चालू होतंच. शिवाय ऑडिओ, सीरियल पोर्ट आणि बोर्डवरचे रंगीत दिवे बंद केले.

एकेक पर्याय बदलून, बूट करून, पाच मिनिटं थांबून वाचन घेतलं. हे कंटाळवाणं आहे, पण एकदम पाच बदलले आणि यंत्र अडकलं तर कशामुळे अडकलं ते कळत नाही. दिव्यांनी एक वॅट दिला. ऑडिओने मीटरवर दिसण्याइतकंही काही दिलं नाही. खरा फरक एएसपीएमच्या पर्यायांनी पडला.

शेवटी १७ वॅट, पॅकेज सी३. पहिल्यांदाच सी२ च्या खाली उतरलं, पण तिथेच थांबलं.

२४ जून

ऑफिसमधून आल्यावर एलएसपीसीआयचं (पीसीआय उपकरणांची यादी देणारी आज्ञा) सविस्तर आउटपुट काढून प्रत्येक उपकरणापुढे एएसपीएमची ओळ वाचली. दोन ठिकाणी पाहायचं असतं. ‘लिंक-कॅप’मध्ये उपकरणाला काय जमतं ते असतं आणि ‘लिंक-कंट्रोल’मध्ये सध्या काय चालू आहे ते. एनव्हीएमईला एल१ जमतं, चालूही आहे. बोर्डवरच्या २.५ गिगाबिट लॅनला एल१ जमतं, पण चालू नाही.

बायोसमध्ये सगळं चालू असून हे बंद कसं? कारण ते ड्रायव्हरच बंद करतो. आर८१६९ हा लिनक्सचा ड्रायव्हर अनेक बोर्डांवर मुद्दाम एल१ बंद ठेवतो. काही बोर्डांवर एल१ चालू असताना लॅन मधेच अडकायची, म्हणून खबरदारी घेतलेली आहे. पण तो निर्णय फिरवता येतो. सिसएफएसमध्ये (कर्नलच्या सेटिंग फाईलरूपात दिसतात ती जागा) त्या लॅनच्या उपकरणाच्या फोल्डरात ‘लिंक’ नावाचं फोल्डर आहे, आणि त्यात एल१-एएसपीएम नावाची फाईल. तिच्यात ० होतं. रूट म्हणून १ लिहिलं.

मीटरवर १७, १६, १२, मग ११.

एका अक्षराने सहा वॅट. पॅकेज आता ८० टक्क्यांहून जास्त वेळ सी६ मध्ये. आख्ख्या प्रकल्पात फुकटात मिळालेला सगळ्यात गोड आकडा हाच.

खबरदारी कशासाठी होती ते विसरून चालणार नाही, म्हणून लॅन घासून पाहिली. आयपर्फ (नेटवर्कचा वेग मोजणारं साधन) रात्रभर चालवला, माझ्या गिगाबिट स्विचवर ९४० मेगाबिट आले, तेवढेच आधीही येत होते. लॉगमध्ये ‘ट्रान्समिट टाइमआउट’ एकही नाही. तुमच्या बोर्डावर असं होईलच याची खात्री नाही. एक रात्र घासल्याशिवाय हे कायमचं करू नका.

२८ जून

चार डिस्क बोर्डच्या पोर्टवर परत लावल्या. प्रत्येक डिस्क फिरताना भिंतीवर साधारण साडेपाच वॅट घेते, म्हणजे ३३ यायला हवे होते. आले ३८, आणि पॅकेज परत सी३.

आता संशयित कुठे शोधायचा ते माहीत होतं. साटाच्या लिंकलाही झोपेचं धोरण असतं, आणि माझ्याकडे चारही पोर्ट ‘मॅक्स परफॉर्मन्स’वर होते. ते ‘मीडियम पॉवर विथ डीआयपीएम’ (डिस्कलाही लिंक झोपवू देणारं धोरण) केले. ३३ वॅट, सी६ परत आलं. त्याखाली ‘मिन पॉवर’ नावाचाही पर्याय आहे. तो घेतला नाही. काही डिस्क त्यात लिंक सोडतात असं ऐकून आहे आणि वाचणारा वॅट अर्धासुद्धा नाही. डेटा असलेल्या डिस्कवर तो जुगार नको.

२९ जून

एनव्हीएमई वरच्या एम.२ स्लॉटमधून खालच्यात हलवली. वरचा स्लॉट थेट सीपीयूच्या लेनवर आहे, खालचा चिपसेटवर. सीपीयूच्या लेनवर काही बसलेलं असलं की पॅकेजला फार खोल जाता येत नाही, निदान माझ्या बोर्डावर तरी. हलवल्यावर सी६ चं सी८ झालं आणि ३३ चे साडेएकतीस. एनव्हीएमई जेन-३ ची आहे, वेगात काही फरक नाही. पाच मिनिटांच्या कामाला दीड वॅट वाईट नाही. यासाठी नवा बोर्ड घेण्याइतकंही ते मोठं नाही.

५ जुलै

राहिल्या डिस्क. एकतीस-साडेएकतीसमधले बावीस वॅट त्यांचेच आहेत. स्नॅपरेड आणि मर्जरएफएस असल्यामुळे फाईल ज्या डिस्कवर आहे तेवढीच फिरली तरी चालतं, बाकीच्या झोपू शकतात. ज्यांच्याकडे झेडएफएस किंवा रेड-५ (डेटा सगळ्या डिस्कांवर पसरवणाऱ्या पद्धती) आहे त्यांच्या डिस्का सगळ्या एकत्र उठतात. त्यांनी हा भाग सोडून दिला तरी चालेल.

एचडीपार्म या आज्ञेने डिस्क झोपवायचा तासाभराचा टायमर लावला. त्याची संख्या विचित्र आहे: १ ते २४० पर्यंत दर एकाला ५ सेकंद, २४१ पासून पुढे दर एकाला अर्धा तास. म्हणून २४२ म्हणजे एक तास. लावला आणि वाट पाहिली. एकही डिस्क झोपली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीही चारही फिरत होत्या.

स्मार्टडी दर अर्ध्या तासाने डिस्कची तब्येत विचारतो. माझ्या डिस्कांवर त्या विचारण्यानेही टायमर शून्यावर जातो. तासाचा टायमर आणि अर्ध्या तासाला टकटक, मग झोप कुठून लागणार? स्मार्टडीला ‘स्टँडबाय असेल तर विचारू नको’ असं सांगता येतं आणि ते सांगितलंही. पण तो पर्याय झोपलेल्या डिस्कसाठी आहे, जागीला तो विचारतोच. इलाज म्हणजे टायमर अर्ध्या तासापेक्षा कमी ठेवायचा. २४० घातले, म्हणजे वीस मिनिटं. झोपल्या.

आणि तासाभराने उठल्या. मग पुन्हा झोपल्या, पुन्हा उठल्या. हे आधीपेक्षा वाईट: वीज वाचत नाही आणि मोटरची झीज मात्र होते. फॅट्रेस नावाचं साधन कुठली प्रक्रिया कुठल्या फाईलला हात लावते ते सांगतं. ते रात्रभर चालू ठेवलं.

पहिला सापडला सिंकथिंग (फोन आणि सर्व्हरवरच्या फाईली जुळवणारा प्रोग्रॅम). तो मूळ सेटिंगमध्ये दर ३६०० सेकंदांनी सगळी फोल्डरं नव्याने तपासतो. फोन ज्या फोल्डरात फोटो टाकतात ते एनव्हीएमईवर आणलं आणि रात्री तीनला एक स्क्रिप्ट ते डिस्कवर हलवते. त्याच वेळी स्नॅपरेडचं सिंकही होतं, म्हणजे डिस्का एकदाच उठतात. दुसरा जेलीफिनचा लायब्ररी स्कॅन. तोही तीनला नेला. तिसरा माझाच लॅपटॉप. त्यावर सर्व्हरचा शेअर कायमचा ड्राइव्ह म्हणून जोडलेला होता आणि फाईल उघडायची खिडकी उघडली की डिस्का उठायच्या. तो ड्राइव्ह काढला. माउंट करताना ‘नोएटाइम’ही (फाईल वाचल्याची वेळ न लिहिण्याचा पर्याय) दिलं.

फोटोंचा डेटाबेस आणि थंबनेलं एनव्हीएमईवर आहेतच, त्यामुळे फोटो चाळताना डिस्क लागत नाही. मूळ फोटो किंवा सिनेमा उघडला तरच लागते, आणि मग आठ-दहा सेकंद थांबावं लागतं. आईचं म्हणणं, “भजनं लावायला एवढा वेळ? रेडिओ बरा होता.” भजनांचं फोल्डर एनव्हीएमईवर हलवलं. पाच जीबीसुद्धा नव्हतं.

डिस्का झोपलेल्या असताना: १३.५ वॅट.

झीज किती होते ते पाहायला स्मार्टच्या (डिस्कच्या तब्येतीच्या) यादीत ४ (सुरू-बंद) आणि १९३ (हेड उचलणं-ठेवणं) या क्रमांकांचे आकडे लिहून ठेवले आहेत. दिवसाला चार-पाच वेळा उठणं मला मान्य आहे. चोवीस वेळा नाही.

११ जुलै

संध्याकाळी लाइट गेली. यूपीएसने धरलं. अशा वेळी नट हा प्रोग्रॅम यूएसबीतून यूपीएसशी बोलतो आणि बॅटरी ठरावीक पातळीला आली की सर्व्हर नीट बंद करतो. या वेळी त्याने काहीच केलं नाही. बॅटरी संपली आणि सर्व्हर धाडकन बंद पडला.

लाइट आल्यावर लॉग पाहिला. नटचा यूपीएसशी संपर्क तुटून बरेच दिवस झाले होते. पॉवरटॉपच्या ऑटो-ट्यूनने सगळी यूएसबी उपकरणं झोपायला लावली होती, त्यात यूपीएसही. कीबोर्ड झोपला तर कळ दाबून उठतो. यूपीएस झोपला तर लाइट जाईपर्यंत कळतच नाही.

फाईलसिस्टीम तपासून घेतली, स्नॅपरेडचं स्क्रबही (डेटा पडताळणी) चालवलं. डेटा शाबूत. नशीब.

ऑटो-ट्यूनची सर्व्हिस काढून टाकली. त्याने दिलेल्या दोन वॅटमधलं काय कामाचं होतं ते निवडून घेतलं: पीसीआय उपकरणांचं रनटाइम पॉवर मॅनेजमेंट आणि साटाचं धोरण. हे दोन युडेव्हच्या (उपकरण सापडलं की लागू होणाऱ्या) नियमांत लिहिले. यूएसबीला हातच लावला नाही. वाचन तेच, १३.५. ऑटो-ट्यून कुठल्या ओळी बदलणार आहे ते पॉवरटॉपच्या ट्यूनेबल्स टॅबमध्ये आधी वाचता येतं, आणि प्रत्येक ओळीवर एंटर दाबलं की तिची नेमकी आज्ञा वरती दिसते. तिथून हव्या तेवढ्याच उचला.

नट नीट आहे का ते यूपीएसचा प्लग उपटून पाहिलं. बंद झाला, व्यवस्थित. आता महिन्यातून एकदा असं करायचं ठरवलं आहे.

१९ जुलै

पुण्याहून मावसभाऊ आला होता. तो येताना दोन गोष्टी घेऊन आला: त्याच्या मिनी पीसीतलं छोटं एसएमपीएस आणि एएसएम११६६ चिपचं सहा पोर्टचं साटा कार्ड.

एसएमपीएस आधी. ६५० वॅटच्या एसएमपीएसला १३ वॅट म्हणजे दोन टक्के लोड. ८० प्लसची (ब्राँझ, गोल्ड हे कार्यक्षमतेचे बिल्ले देणारी) चाचणी २०, ५० आणि १०० टक्के लोडवर होते, दहा टक्क्यांवरची चाचणी ब्राँझ किंवा गोल्डला लागत नाही. दोन टक्क्यांवर ब्राँझ, गोल्ड यांचा अर्थ काय राहतो ते त्या बिल्ल्यावरून कळत नाही, मोजूनच पाहावं लागतं. मोजलं: १३.५ चे साडेदहा. तीन वॅट, म्हणजे वर्षाला साडेतीनशे रुपयांच्या आत. कमी लोडवर चांगलं चालणारं नवं एसएमपीएस पाच हजारांच्या पुढे. पैसे वसूल व्हायला पंधरा वर्षं लागतील. भाऊ म्हणाला, “ताई, घेऊन टाक, डोकेदुखी संपेल.” मला डोकेदुखी नव्हतीच. जुनं एसएमपीएस मेलं की बघू.

कार्ड कुतूहल म्हणून. ज्यांना चारपेक्षा जास्त डिस्क लावायच्याच आहेत त्यांच्या कामी येईल. लावल्याबरोबर पॅकेज सी८ वरून सी३ वर आलं आणि वॅट सात-आठने वाढले. भाऊ हसला. त्याच्याकडेही पहिल्यांदा असंच झालं होतं. या कार्डांवर जुनं फर्मवेअर असतं, ते बदलावं लागतं. नवं चढवून, मशीन पूर्ण बंद करून प्लग काढून पुन्हा चालू केलं. नुसतं रीबूट पुरत नाही. सी८ परत, आणि कार्डाचा स्वतःचा खर्च दोन वॅटच्या आसपास. एचबीएच्या दहापुढे हे काहीच नाही. पण फर्मवेअर चढवताना लाइट गेली तर कार्ड कचऱ्यात जातं, म्हणून ते काम यूपीएसवरच करा.

२ ऑगस्ट

जुलैचं वाचन. मीटर महिनाभर लावून ठेवला होता. डिस्का उठतात-झोपतात, रात्रीची कामं आणि सिनेमे धरून सरासरी १९ वॅट. जून सुरू होताना ६९ होती.

एचबीए आणि ग्राफिक्स कार्ड विकून २६०० रुपये आले. मीटर, डॉक आणि दोन साटा केबल मिळून २३०० च्या आसपास गेले.

१७ ऑगस्ट, रविवार

९ ऑगस्टला डेबियन १३ आलं. आठवडाभर थांबून आज चढवलं. अपग्रेड नीट झालं, सगळे कंटेनर उठले, नटचीही चाचणी घेतली. रात्री डिस्का झोपल्यावर मीटर पाहिला: १९ वॅट. साडेतेरा हवे होते.

पॉवरटॉप उघडलं, पॅकेज सी३. एलएसपीसीआयमध्ये लॅनचं एल१ बंद. ते चालू करायला जी छोटी सर्व्हिस लिहिली होती ती बूटच्या वेळी फेल झाली होती, कारण ती चालली तेव्हा लॅनला ‘लॅन०’ हे नाव मिळालेलंच नव्हतं आणि त्या पत्त्यावर फाईलच नव्हती. जुन्या आवृत्तीत क्रम योगायोगाने जुळत होता.

सर्व्हिस काढून तेच काम युडेव्हच्या नियमात घातलं. उपकरण तयार झालं की नियम लागू होतो, त्यामुळे आधी-नंतरचा घोळ राहत नाही. रीबूट, १३.५.

अशी गळती परत झाली तर बिल येईपर्यंत कळणार नाही. म्हणून रोज सकाळी सहाला एक स्क्रिप्ट टर्बोस्टॅट पाच मिनिटं चालवते आणि पॅकेज सी८ चा वाटा ६० टक्क्यांच्या खाली असेल तर फोनवर निरोप पाठवते. बायोस अपडेट केलं की तिथले सगळे पर्याय मूळ जागी जातात, तेव्हाही हीच सापडवेल. २२ जूनला बदललेल्या बायोसच्या प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवला आहे, पण तो सर्व्हरवर नाही, फोनमध्ये.

राहिलेली कामं: यूपीएसचे ९ वॅट, आणि कॅबिनेटचा मागचा पंखा, जो आता बहुधा उगाचच फिरतो. पंखा काढून ऑक्टोबरच्या उकाड्यात डिस्कांचं तापमान पाहीन. ४५ च्या वर गेलं तर परत लावणार.